कोड का येतं, आणि बहुतेकांना का येत नाही

पिंपळगाव बसवंतला दिवाळीनंतर स्थळं बघायला सुरुवात झाली, की बायोडाट्यात न छापलेला एक प्रश्न दोन्हीकडचे नातेवाईक हळूच विचारतात : घराण्यात कुणाला कोड आहे का? मुलीच्या मावशीच्या कोपरावर पांढरा डाग असेल, तर बघण्याच्या कार्यक्रमात ती मावशी लांब बाह्यांचं पोलकं घालून स्वयंपाकघरातच थांबते. कोड असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते विसाव्या वर्षाच्या आत सुरू होतं, म्हणजे नेमकं शाळा-कॉलेजच्या आणि लग्नाच्या वयात. कारणंही सगळ्यांच्या तोंडी तयार असतात. कुणी म्हणतं दूध आणि मासे एकत्र खाल्ले, कुणी म्हणतं पूर्वजन्मीचं पाप, कुणी थेट कुष्ठरोगाशी नातं जोडतं. यातलं एकही खरं नाही. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि त्याचा चट्टा सहसा बधिर असतो. कोडाच्या डागाला टाचणी लावली तर ती इतर कातडीसारखीच टोचते. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने कोड कुणाला होत नाही.

मग ते होतं कशाने? थोडक्यात सांगायचं तर, रोगजंतूंशी लढणाऱ्या शरीरातल्या टी-पेशी कातडीतल्या रंगपेशींना मारू लागतात. पण या उत्तराच्या पोटात एक दुसरी, जास्त विलक्षण गोष्ट आहे. ज्यांच्या अंगावर आयुष्यभर एकही डाग येत नाही, त्यांच्या रक्तातही रंगपेशींना ओळखणाऱ्या टी-पेशी फिरत असतात. मुलाकडच्यांच्या आणि मुलीकडच्यांच्याही. जगात दर शंभर-दोनशे माणसांमागे एकाला कोड येतं. उरलेल्यांना ते का येत नाही, हे कळलं की कोडाकडे बघण्याची आपली नजर बदलते, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन तयार करतात आणि आजूबाजूच्या पेशींना पुरवतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसात त्यांची संख्या साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या कोणता आणि किती रंग बनवतात याने. कोडाच्या पांढऱ्या डागात या पेशींनी काम थांबवलेलं नसतं, त्या तिथे उरलेल्याच नसतात. पसरत्या डागाच्या कडेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तिथे टी-पेशी जमलेल्या दिसतात. पण जमल्या म्हणून त्यांनीच मारलं असं कसं म्हणायचं? ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी 2009 मध्ये याची सरळ परीक्षा घेतली. कोड असलेल्यांच्या डागाच्या कडेतून त्यांनी टी-पेशी वेगळ्या केल्या आणि प्रयोगशाळेत त्याच माणसांच्या डाग नसलेल्या कातडीच्या तुकड्यांवर सोडल्या. त्या कातडीत शिरल्या आणि तिथल्या रंगपेशी मेल्या.

शरीर अशा पेशी बनवतंच कशाला? कारण दुसरा इलाज नाही. उद्या कोणता विषाणू येणार हे शरीराला आधी ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक टी-पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे वाटेल तसे जुळवून स्वतःचा एक ग्राहक बनवते, म्हणजे पृष्ठभागावरची अशी जागा जिला एखाद्या विशिष्ट प्रथिनाचा तुकडाच चिकटतो. कोट्यवधी पेशी, कोट्यवधी वेगवेगळे ग्राहक. त्यातला एखादा पुढच्या वर्षीच्या तापाचा विषाणू ओळखेल, एखादा क्षयाचा जंतू. पण सगळं नशिबावर सोडलेलं असल्याने काही ग्राहक आपलंच इन्सुलिन ओळखणारे, काही आपल्याच रंगपेशी ओळखणारे निघणारच.

यांची पहिली छाननी होते थायमस ग्रंथीत. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या वर असलेली ही ग्रंथी लहानपणी भरलेली असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते. 1961 पर्यंत तिचं काम काय हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये जाक मिलर यांनी नवजात उंदरांची थायमस काढून टाकली आणि त्या उंदरांची प्रतिकारशक्ती उभीच राहिली नाही. पुढे कळलं की इथे येणाऱ्या कोवळ्या टी-पेशींपैकी शंभरातल्या पाचसुद्धा जिवंत बाहेर पडत नाहीत. ज्यांचा ग्राहक कशालाच जुळत नाही त्या उपाशी मरतात. ज्यांचा ग्राहक शरीराच्या स्वतःच्या प्रथिनाला फार घट्ट चिकटतो, त्यांना मारलं जातं.

इथे एक अडचण आहे. इन्सुलिन तयार होतं स्वादुपिंडात. छातीत बसलेली थायमस टी-पेशींना इन्सुलिन दाखवणार कुठून? याचं उत्तर सापडलं ‘एअर’ नावाच्या जनुकात. हे जनुक थायमसच्या काही पेशींमध्ये इतर अवयवांची हजारो जनुकं थोडी-थोडी चालू करतं : स्वादुपिंडाचं इन्सुलिन, डोळ्याच्या पडद्यातलं प्रथिन, आणखी कितीतरी. जणू सगळ्या शरीराचे नमुने एका जागी मांडलेले. 1997 मध्ये हे जनुक ओळखलं गेलं, तेही ज्यांच्यात ते बिघडलेलं होतं अशा कुटुंबांमुळे. त्यांच्यात लहानपणापासून एकामागून एक ग्रंथींवर शरीर स्वतःच हल्ला करत होतं, आणि त्यांच्यापैकी काहींना कोडही होतं.

पण छाननी कितीही कडक असली तरी ती यादीत जे आहे तेवढंच पकडते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको. 2010 च्या हंगामात युरोपला निघालेल्या द्राक्षांचे नमुने रीतसर तपासले गेले होते, पण तपासणीच्या यादीत क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आपण सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतो, ते नव्हतंच. युरोपातल्या प्रयोगशाळेने ते शोधलं आणि कंटेनर अडकले. थायमसमध्ये असंच घडतं, आणि नेमकं रंगपेशींच्या बाबतीत. रंगपेशींमध्ये मेलॅन-ए नावाचं प्रथिन असतं. थायमस ते दाखवते, पण अर्धवट. जर्मन संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिलं की थायमसमध्ये या जनुकाचं वाचन चुकीच्या जागेपासून सुरू होतं आणि टी-पेशी ज्या तुकड्याला पकडतात, तोच गळून जातो. त्यामुळे मेलॅन-ए ओळखणाऱ्या टी-पेशी अडवल्याच जात नाहीत. निरोगी माणसांच्या रक्तात त्या आश्चर्य वाटावं इतक्या संख्येने सापडतात, याचं हेच कारण.

म्हणजे यंत्रणेचं खरं कर्तृत्व छाननीत नाही, त्यानंतरच्या सांभाळण्यात आहे. मला या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हाच वाटतो.

टी-पेशीला नुसता ओळखीचा तुकडा दिसून भागत नाही. तो तुकडा तिला दाखवणाऱ्या पेशीने सोबत धोक्याची दुसरी खूण द्यावी लागते. कातडीत आणि लसिका गाठींमध्ये शाखायुक्त पेशी असतात. जंतू आला, पेशी फाटली, जखम झाली, की या पेशी अंगावर ती दुसरी खूण उभारतात. खुणेशिवाय आपला तुकडा दिसला तर टी-पेशी हल्ला करत नाही. उलट ती सुस्त होते, पुन्हा तोच तुकडा दिसला तरी हलत नाही. याच्या जोडीला टी-पेशींचाच एक वेगळा वर्ग असतो, नियामक टी-पेशी. त्यांचं काम मारणं नाही, मारणाऱ्यांना आवरणं. त्या शाखायुक्त पेशींच्या अंगावरची दुसरी खूण अक्षरशः ओढून काढतात, इतर टी-पेशींना वाढायला लागणारं रसायन स्वतः पिऊन टाकतात, आणि भोवती शांत करणारे स्राव सोडतात.

या पेशींवर बराच काळ कुणाचा विश्वास नव्हता. 1970 च्या दशकात ‘दमन करणाऱ्या’ टी-पेशींचा खूप बोलबाला झाला, पुरावे ढासळले, आणि हा विषय जवळजवळ टाकून दिला गेला. जपानमधले शिमोन साकागुची मात्र तिथेच थांबले. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या उंदरांचे अवयव त्यांच्याच टी-पेशी पोखरतात, हे जपानमध्ये 1969 मध्येच दिसलं होतं. साकागुचींनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या आणि ती पोखरण थांबली. म्हणजे त्या पेशींमध्ये आवरणारं कुणीतरी होतं. त्यांना नेमकं ओळखायला 1995 उजाडलं. तिकडे अमेरिकेत मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल हे सिएटलजवळच्या एका छोट्या कंपनीत एका जुन्या गूढाच्या मागे होते. 1940 च्या दशकात ओक रिजच्या प्रयोगशाळेत उंदरांचा एक वंश सापडला होता. त्यातली काही नर पिल्लं खवलेदार कातडीची निघत आणि काही आठवड्यांत मरत. ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी 2001 मध्ये त्यामागचं जनुक शोधलं आणि त्याला फॉक्स-पी-3 नाव पडलं. माणसांतही तेच जनुक बिघडलेले मुलगे जन्मतात. तान्ह्या वयातच त्यांना मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब होतो. दोनच वर्षांत साकागुचींनी आणि इतरांनी दाखवलं की हेच जनुक नियामक टी-पेशी घडवतं. या तिघांना 2025 चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

पण कोडाच्या दृष्टीने साकागुचींच्या गटाचं 2014 मधलं काम मला त्याहून जवळचं वाटतं. त्यांनी निरोगी माणसांच्या रक्तातून मेलॅन-ए ओळखणाऱ्या टी-पेशी वेचून काढल्या. त्या जिवंत होत्या, पण सुस्त. नियामक पेशींच्या सहवासात अशी सुस्ती येते हे त्यांनी काचपात्रात दाखवलं. कोड असलेल्यांच्या रक्तातल्या त्याच जातीच्या पेशी मात्र जाग्या, कामाला तयार. फरक पेशी असण्या-नसण्याचा नव्हता. तो आवर टिकला की सुटला, एवढाच होता.

हा आवर सुटतो कसा? थोडा वाटा आनुवंशिकतेचा असतोच. पण एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला कोड असेल, तर दुसऱ्याला ते येण्याचं प्रमाण साधारण 23 टक्के निघालं आहे. जनुकं अगदी तीच, तरी चारांतल्या तिघांना येत नाही. मावशीच्या कोपरावरचा डाग बघून भाचीचं लग्न मोडणाऱ्यांनी हा आकडा वाचावा.

उरलेलं कारण बाहेरून येतं, आणि कधी ते आरशाला चिकटवून ठेवलेलं असतं. टिकलीच्या मागच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना कपाळावर नेमक्या टिकलीच्या आकाराचा पांढरा ठिपका पुष्कळ वेळा दिसतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखालचे डागही त्याच प्रकारचे. 1939 मध्ये अमेरिकेत कातडी कमावणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे हात रबरी हातमोज्यांमुळे पांढरे पडले, तिथपासून ही माहिती आहे. जपानमध्ये 2013 मध्ये कानेबो कंपनीला त्वचा उजळ करणारी उत्पादनं बाजारातून परत घ्यावी लागली, कारण त्यातल्या रोडोडेनॉलमुळे सुमारे 19 हजार लोकांच्या अंगावर पांढरे डाग आले होते.

ही रसायनं सगळ्या कातडीला सोडून रंगपेशींनाच का गाठतात? त्यांची घडण टायरोसिनसारखी असते, आणि टायरोसिन हा मेलॅनिनचा कच्चा माल. रंगपेशीतलं विकर फसतं, तो रेणू आत ओढून घेतं, आणि त्यापासून विषारी पदार्थ तयार होतो. पेशीची प्रथिनं बिघडतात आणि ती संकटाचे इशारे सोडते. शाखायुक्त पेशींना ते इशारे पोचतात आणि त्या धोक्याची दुसरी खूण उभारतात. इतकी वर्षं सुस्त पडलेल्या टी-पेशीला तिचा तुकडा आता खुणेसकट दिसतो. काहींचा डाग टिकलीपुरताच राहतो आणि टिकली बंद केल्यावर भरतोही. पण काहींच्या हातांवर, पायांवर, टिकली कधी लागलीच नाही अशा जागी नवे डाग उठतात. टी-पेशी रक्तातून फिरतात, म्हणून असं होतं. घासण्यानेही हे घडतं. परकराची नाडी जिथे काचते त्या कमरेच्या रेघेवर, खरचटलेल्या गुडघ्यावर, डाग तीच रेघ धरून उमटतो. कोड पसरत असेल तर सैल कपडे आणि टिकलीला विश्रांती, हा सल्ला साधा असला तरी त्याच्या मुळाशी ही सगळी यंत्रणा आहे.

एकदा हल्ला सुरू झाला की तो स्वतःलाच पोसतो. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याने आजूबाजूच्या कातडीच्या पेशी एक रसायन सोडतात, आणि त्या वासाने आणखी टी-पेशी येतात. अमेरिकेत जुलै 2022 मध्ये मान्यता मिळालेलं रुक्सोलिटिनिबचं मलम पेशीच्या आत इंटरफेरॉनचा हाच निरोप अडवतं. आपल्याकडची जुनी रीत, बावचीचं बी लावून उन्हात बसणं, तीही निराधार नव्हती. बावचीतलं सोरालेन अतिनील किरणांसोबत काम करतं. पण त्याने फोड येऊन कातडी भाजते, म्हणून घरच्या घरी हा प्रयोग करू नये. आज त्याऐवजी ठरावीक तरंगलांबीचे अतिनील-बी किरण देतात. ते टी-पेशींना शांत करतात आणि केसांच्या मुळाशी राखून ठेवलेल्या रंगपेशींच्या मूळपेशींना जागं करतात. म्हणून भरणाऱ्या डागात आधी केसाभोवती तपकिरी ठिपके दिसतात, आणि डागातले केसच पांढरे झाले असतील तर तो भरणं अवघड जातं. आठवड्याला दोन-तीनदा, कित्येक महिने प्रकाश घ्यावा लागतो. पिंपळगावहून प्रत्येक वेळी नाशिक गाठायचं म्हणजे रोज बुडतो, आणि उपचार मध्येच सुटतो. डाग भरल्यावरही थोड्या टी-पेशी कातडीत स्मृती धरून राहतात. एका अभ्यासात, डाग भरल्यानंतर ज्यांना नुसतं औषधविरहित मलम दिलं त्यांच्यात सहा महिन्यांत सुमारे 40 टक्के डाग परतले. टॅक्रोलिमसचं मलम आठवड्यातून दोनदा लावणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या आत. कोड असलेल्यांनी थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी, कारण आवर सुटतो तेव्हा पुष्कळदा ती ग्रंथीही हल्ल्यात सापडते.

औषधाइतकंच लोकांमध्ये उठणं-बसणं महत्त्वाचं. पुण्यात स्वतः कोड असलेल्या डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ हा स्वमदत गट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 2006 च्या ‘नितळ’ चित्रपटाची नायिकाही कोड असलेली आहे, आणि ती पडद्यावर डाग न लपवता वावरते. अशा गोष्टी निफाड तालुक्यातल्या प्रत्येक महाविद्यालयात दाखवल्या जाव्यात.

हा आवर नेहमीच हवासा असतो असं मात्र नाही. कॅन्सरची गाठ आपल्याच पेशींची असते, आणि ती याच व्यवस्थेचा फायदा घेते. टी-पेशीच्या अंगावर पीडी-1 नावाचा लगाम असतो. गाठीतल्या पेशी तो ओढून धरतात आणि टी-पेशी थंड पडते. असे लगाम सोडवणाऱ्या औषधांच्या मुळाशी असलेल्या शोधांसाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना 2018 चं नोबेल मिळालं. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरसाठी ही औषधं घेणाऱ्या काहींच्या अंगावर कोड उठतं, आणि ज्यांना ते उठतं ते सरासरीने जास्त जगतात. त्यांच्या टी-पेशी रंगपेशी ओळखू लागलेल्या असतात, गाठीतल्याही आणि कातडीतल्याही.

आपल्या भागात मेलॅनोमा विरळा. आपल्याकडे तंबाखू, गुटखा आणि मिश्रीमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आहे, आणि जिल्ह्यातली माणसं त्यासाठी मुंबईला टाटा मेमोरियल हॉस्पिटल गाठतात. पीडी-1 चा लगाम सोडवणारं निवोलुमॅब त्यांतल्या फारच थोड्यांना परवडतं. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी टाटामध्ये एक साधा प्रश्न विचारला : पूर्ण डोस लागतोच का? रक्तातल्या टी-पेशींवरचा पीडी-1 अगदी थोड्या औषधानेही व्यापला जातो, हे आधीच्या अभ्यासांतून दिसलं होतं. त्यांनी डोक्या-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळ्या दिल्या, आणि एका गटाला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात 16.3 टक्के जिवंत होते, निवोलुमॅबच्या गटात 43.4 टक्के. गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. लगाम किती सोडायचा याचं हे गणित मुंबईत, आपल्याच माणसांवर, त्यांच्या खिशाचा विचार करून मांडलं गेलं. असं औषध घेणाऱ्या रुग्णाची थायरॉइडची तपासणी अधूनमधून करावीच लागते. टी-पेशी गाठीसाठी सोडल्या तरी त्या गाठीपाशीच थांबतील याची खात्री नसते.